कुणाच्या मागं कुणाचं

गिरणीत आल्या आल्या बायका विचारतात,
"मालूताई, माझ्या आधी कुणाचं दळलं?"
दगडात पसाभर पीठ मागं राहतंच,
ते पुढच्याच्या डब्यात जातं.
म्हणून जोंधळ्यावर जोंधळा, गव्हावर गहू,
आणि उपासाची भगर दिवस उगवायला,
दगड पुसून.

सासऱ्यांनी गिरणी बसवली तेव्हा
गाव पायलीनं मोजायचं.
सत्यव्वा मगदूम डोक्यावर पोतं घेऊन यायची,
मागनं चार पोरं, रांगेत, नाकं पुसत.
एक हिंजवडीला, एक चाकणला, एक बेंगळुरात.
चौथा कुठं असतो ते ती सांगत नाही.
आता स्टीलच्या लहान डब्यात
किलोभर जोंधळा आणते,
काट्यावर ठेवताना हात आखडतो तिचा,
जसं कमी भरलं हा तिचाच गुन्हा.

माळावर एमआयडीसी आली.
आधी फौंड्री, मग फौंड्रीची काळी धूळ वाळवणावर,
मग माणसं.
बाबगोंडाच्या गोठ्यात बारा म्हशी होत्या.
त्यानं कॅलेंडरच्या मागं एकदा
दुधाचा दर लिहिला, पेंडीचा दर लिहिला,
आणि म्हशी मिरजेच्या व्यापाऱ्याला दिल्या.
गव्हाणीवर फरशी टाकून ओटा,
दावणीच्या जागी मोऱ्या. सहा खोल्या.
भिंतीतल्या कड्या तेवढ्या राहिल्या,
त्यांना दोरी बांधून
छपरा जिल्ह्यातले बनियन वाळतात.

रामप्रवेश पहिल्यांदा आला तेव्हा
पिशवीत भाजलेले हरभरे होते, सालासकट.
मी म्हटलं, "बारीक?"
तो म्हणाला, "महीन."
काय ठरलं ते दोघांनाही कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी कागदात बांधून त्यानं एक गोळा आणला,
कांदा, लिंबू, मोहरीचं कच्चं तेल.
आपल्या मेतकुटाचा लांबचा भाऊ लागला जिभेला,
भांडकुदळ जरा.

मग सोमवारी, फौंड्रीच्या सुट्टीला,
रांग त्यांची.
गावातली एक म्हणाली,
"त्यांच्यावर माझं टाकू नको बाई."
"हरभऱ्याचा वास लागतो म्हणून ना?"
"हां," ती म्हणाली, "हरभऱ्याचाच."

दोन सालांमागं ऑर्डरी थांबल्या.
भट्ट्या गार, खोल्यांना कुलपं.
बाबगोंडाचा बँकेचा हप्ता मात्र
तारखेला बरोबर यायचा, पावण्यासारखा.
तो दळण नसताना गिरणीत येऊन बसायचा.
"काय रे?"
"काय न्हाई. बसलोय जरा."
ज्यांना गर्दी झाली वाटायची
तेच मला विचारायचे, मला,
"कधी येणार ओ ती पोरं?"

निम्मी आली. या वेळी बायकापोरांसकट.
शाळा बंद व्हायची होती, ती राहिली.
पहिलीत अकरा पोरं, त्यातली सात
घरी गुरव सरांना न कळणारं बोलतात,
आणि मधल्या सुट्टीत शिव्या
अस्सल आपल्या देतात.

माझा मुलगा फोनवर म्हणतो,
वीक ते. घरघंटी आली घरोघर,
पिशवीतलं पीठ मिळतंय दुकानात.
मी म्हणते, बघू.
महिन्यातनं एकदा दगडाला टाकी लावते,
ठिणगी उडते, हातावर बारके काळे ठिपके राहतात.
बघू म्हणजे काय, ते मलाही माहीत नाही.

आज सकाळी रामप्रवेशची अंशिका
गव्हाचा डबा घेऊन दारात,
दोन वेण्या, एक सुटलेली.
"मावशी, आटपा की ओ,
शाळंला उशीर हुतोय!"
तिच्या मागं सत्यव्वा,
पदराखाली तो डबा.
एवढ्याशानं दगडाचं पोट भरत नाही,
निम्मं त्याच्याच तोंडात राहतं.
मी गव्हाचा चाळा झटकला, बटनाकडं हात नेला,
थांबवावं, पुसावं म्हणून.

सत्यव्वानं डबा पुढं केला.
आधी कुणाचं, विचारलं नाही.
किंवा विचारलंही असेल.
दगड फिरत असताना
मला काही ऐकू येत नाही.